कांद्यातली तैलपेशी

नाझिया मायक्रोस्कोपवरून उठायलाच तयार नव्हती. मागची रांग केव्हाच संपली होती, बाहेर व्हरांड्यात आलूबोंडे निवत चालले होते, आणि ही मुलगी अर्ध्या तासापासून कांद्याच्या पापुद्र्याला डोळा लावून बसली होती. बाकीच्या अठ्ठावन्न मुलांनी आकृती काढली, रेघांपुढे नावं लिहिली, कागद जमा केले आणि खायला पळाली. हिच्या कागदावर पाचपैकी चार नावं होती. पाचवी जागा कोरी.

मी विचारलं, काय अडलं?

"मॅडम, तैलपेशी नाई सापडून राहिली," ती म्हणाली. "चार कांदे सोलले. सगळ्याईले दिसली. मलेच दिसत नाई."

मी म्हटलं, सापडेल, आणखी शोध. हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा उच्चारलं आहे की ते तोंडातून आपोआप पडतं, डोक्याला विचारावं लागत नाही. मग तिचा कागद हातात घेतला, चष्मा वर-खाली केला, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की ही शोधते आहे काय.

कांद्याच्या पापुद्र्यात तैलपेशी?

मी वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. नोकरीची पहिली तीन वर्षं अमरावतीच्या याच कॉलेजात काढली, मग लग्न होऊन अकोल्याला गेले आणि तिथल्या कॉलेजातून रिटायर झाले. सध्या नातवाचा होमवर्क बिघडवणे हा माझा मुख्य व्यवसाय आहे. इथला आताचा विभागप्रमुख प्रशांत माझ्या हाताखाली पीएच.डी. झाला. त्यामुळे तो मला हक्कानं बोलावतो आणि मी हक्कानं त्याच्या कामात नाक खुपसते. यंदा त्यानं बी.एस्सी.ला आलेल्या जीवशास्त्राच्या नव्या मुलांसाठी तीन दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स ठेवला होता, आणि मधला दिवस माझ्या गळ्यात घातला होता.

ओरिएंटेशन म्हणजे बारावीतून आलेल्या पोरांना कॉलेज ही काय भानगड आहे ते सांगणे. लायब्ररी कुठे, क्रेडिट म्हणजे काय, रॅगिंग झालं तर कोणाला फोन करायचा. पण जीवशास्त्राच्या मुलांचं एक वेगळंच दुखणं असतं. बहुतेकांनी मागची दोन वर्षं डॉक्टर व्हायच्या परीक्षेसाठी ऑब्जेक्टिव्ह प्रश्न सोडवण्यात घातलेली असतात. पेशीवरचे पाचशे प्रश्न तोंडपाठ, पण पेशी पाहिलेली नाही. म्हणून आधी त्यांना मायक्रोस्कोपपुढे बसवायचं आणि एक साधी गोष्ट सांगायची: पाहा, आणि जे दिसेल ते काढा.

आमच्या काळी असलं काही नव्हतं. मी तेवीस वर्षांची असताना या कॉलेजात पहिल्या तासाला शिरले ते कडक इस्त्रीची साडी नेसून. फळ्यावर आठ लॅटिन नावं लिहिली आणि जाहीर केलं की ज्यांना ही उद्यापर्यंत पाठ होणार नाहीत त्यांनी आर्ट्सला जावं. झालं ओरिएंटेशन. दुसऱ्या दिवशी सहा मुलं खरंच आर्ट्सला गेली, आणि मी स्टाफरूममध्ये ते अभिमानानं सांगितलं. त्या बाईला आज मी भेटले असते तर तिचा कान धरला असता.

तर, कांद्याचा पापुद्रा. तुम्हीही घरी पाहिला असेल. कांद्याच्या जाड फाकेच्या आतल्या बाजूनं चिमट्यानं ओढलं की एक पातळ पारदर्शक कातडं निघतं. ते काचेवर पाण्यात पसरायचं, लाल रंगाचा थेंब टाकायचा, जास्तीचा रंग धुवायचा आणि वरून नखाएवढ्या पातळ काचेचं झाकण ठेवायचं. त्याला कव्हरस्लिप म्हणतात. मायक्रोस्कोपखाली विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी दिसतात आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. बस. दुसऱ्या जातीची पेशी नसते. कांदा झोंबतो हे खरं, पण ती झोंब कापल्यावर तयार होते. कांद्यानं कुठल्या पेशीत तेलाचा डबा भरून ठेवलेला नसतो.

प्रशांतनं छापून वाटलेल्या कागदावर मात्र पाच नावं शोधायला सांगितली होती, चार पेशीच्याच भागांची, आणि पाचवं होतं तैलपेशी. कागद तपासतही तोच होता. जमा झालेला गठ्ठा मी चाळला. प्रत्येक कागदावर भिंतीच्या विटांमधोमध एक गोल गरगरीत वर्तुळ होतं, जाड काळ्या कडेचं. एकानं तर तीन काढली होती.

मी तशीच प्रशांतच्या केबिनमध्ये गेले. तो फीडबॅक फॉर्म मोजत होता. विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, मॅडम, आपल्या डिपार्टमेंटची जुनी पद्धत आहे ती, मॉडेल रेकॉर्डमध्ये आहे.

मॉडेल रेकॉर्ड म्हणजे नमुन्याची प्रॅक्टिकलची वही. कागदोपत्री ती कुठेच नसते, पण तिच्यावाचून कुठल्याही कॉलेजचं पान हलत नाही. एखाद्या सुबक हाताच्या माणसानं कधीतरी काढलेली असते. लॅब असिस्टंट ती कपाटात जपतो, परीक्षेआधी मुलांना देतो, मुलं तिच्यावरून आपल्या वह्या उतरवतात. मायक्रोस्कोप नुसता सोबतीला चालू असतो.

"तू बी.एस्सी.ला इथंच होतास ना?" मी प्रशांतला विचारलं. "तुला दिसली होती ही?"

"हो."

"दिसली होती?"

"काढली होती," तो म्हणाला.

मग मात्र मी सुटले. ही तैलपेशी नाही, हा हवेचा बुडबुडा आहे. कव्हरस्लिप तिरकी धरून सुईनं हळू टेकवायची असते. ती धपकन टाकली की खाली हवा अडकते आणि काळ्या कडेचा गोल दिसतो. पहिल्या वर्षाच्या पोराला हे कळतं. अकोल्याला मी बुडबुडे काढणाऱ्यांच्या वह्या खिडकीबाहेर भिरकावल्या आहेत. आणि इथे कोणा गाढवानं बुडबुड्याला नाव देऊन डिपार्टमेंटच्या डोक्यावर बसवलं, आणि एवढ्या वर्षांत कोणी वर मान करून पाहिलं नाही. त्या माणसाची डिग्री तपासा, असंही म्हणाले बहुतेक.

धनराजभाऊ दारात उभे होते. हे इथले लॅब असिस्टंट. त्यांचे वडील माझ्या वेळी याच लॅबमध्ये होते, कपाटाची किल्ली त्यांच्याकडूनच यांच्याकडे आली. धनराजभाऊंनी खाकी कव्हर घातलेली वही टेबलावर ठेवली, पहिलं पान उघडलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"मॅडम, मले काई समजत नाई त्यातलं," ते म्हणाले. "पन गाढवाचं नाव लिवलेलं हाय खाली."

शाई फिकी झाली होती. अक्षर मात्र मोत्यासारखं. 'कु. सुलभा, एम.एस्सी., सुवर्णपदक.' आकृतीखाली कोणी सुवर्णपदक लिहितं का? मी लिहिलं होतं.

सगळं आठवलं. विभागप्रमुखांनी मला मुलांसाठी एक चांगली वही करून दे म्हटलं होतं. मी रात्रंदिवस शिसपेन्सिली तासल्या. कांद्याच्या स्लाइडमध्ये मला तो गोल दिसला आणि पुस्तकात तो नव्हता. मी विचार केला, कांदा डोळ्यांत झोंबतो, म्हणजे तेल कुठेतरी असणारच. सापडलं. पुस्तक लिहिणाऱ्यानं वऱ्हाडातला कांदा पाहिला नसेल, असं मी स्वतःला समजावलं होतं. साहेबांनी न पाहता सही केली. मी लग्न करून अकोल्याला गेले आणि माझा बुडबुडा इथे पिढ्यान् पिढ्या परीक्षा पास होत राहिला.

प्रशांत खिडकीबाहेर पाहत होता. हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते. मी त्याला म्हटलं, हस, पण आधी त्या मुलीला बोलाव.

नाझिया आता व्हरांड्याच्या टोकाला एकटी बसली होती. मांडीवर एक छापील फॉर्म होता. ॲडमिशन कॅन्सल करण्याचा. तिनं घरी फोन केला होता; उद्या सकाळी तिचे अब्बा अकोल्याहून येणार होते, विभागप्रमुखांची सही घेणार होते, आणि ती परत जाऊन बी.कॉम.ला नाव घालणार होती. उद्या पाच वाजता ॲडमिशनचं पोर्टल बंद होणार होतं. त्यानंतर इकडचं तिकडे काही होणार नव्हतं.

मी शेजारी बसले. थोडं विचारल्यावर तिनं सांगितलं. अकोल्याच्या जुन्या शहरात अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. लहानपणापासून ती त्यांच्या शेजारी बसून डोळ्याला लावायचं भिंग घालत आली. बारीक स्क्रू, बारीक स्प्रिंग, सगळं तिला दिसतं. अब्बा म्हणत, तुझा डोळा चांगला आहे, तू डोळ्याचं काम असेल असं काही शीक. म्हणून बायोलॉजी. आता मला कळलं की सकाळी सगळी मुलं एक डोळा गच्च मिटून मायक्रोस्कोपात पाहत असताना ही एकटीच दोन्ही डोळे उघडे ठेवून का पाहत होती. खरी रीत तीच आहे. ती शिकवायला मला दरवर्षी महिना लागायचा.

"सरांनी तीन वेळा कागद वापस केला," ती म्हणाली. "म्हणजे माह्या डोयातच काई कमी असन. पुढं तर याच्याहून बारीक राहते ना? मग आत्ताच गेलेलं बरं."

मी सांगितलं, तुझा डोळा ठीक आहे, तैलपेशी नसतेच. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ती हुशार मुलगी होती.

"मग अठ्ठावन जनाईले कशी दिसली?" तिनं विचारलं. "तुमी मले बरं वाटावं म्हणून म्हणून राहिल्या, मॅडम."

तिचं बरोबर होतं. एका म्हातारीनं व्हरांड्यात हळूच सांगितलेलं, आणि सरांनी वर्गात छापून वाटलेलं, यात कोणतं खरं वाटणार? जे सगळ्यांसमोर चुकलं ते सगळ्यांसमोरच दुरुस्त व्हायला हवं होतं.

प्रशांतला मी म्हटलं, उद्याचा पहिला तास मला दे. उद्या त्याचा समारोप होता, प्रमाणपत्रं होती, प्राचार्य येणार होते. तो म्हणाला, मॅडम, पुढच्या वर्षीपासून गुपचूप बदलू की. पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगायचं की डिपार्टमेंट इतकी वर्षं चुकत होतं? पालक काय म्हणतील? मी म्हटलं, पालक एकच येतो आहे, आणि तो मुलीला घेऊन चालला आहे. शेवटी तो कबूल झाला. फक्त एक अट घातली.

"ती वही कोणाची, हे सांगायची गरज नाही, मॅडम. तुमचा मान आहे."

"त्याच मानानं घोळ झाला रे बाबा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना ताज्या स्लाइड करायला लावल्या. प्रत्येकाला कव्हरस्लिप तिरकी धरायला लावली. धनराजभाऊ हातात सुया घेऊन टेबलांमधून फिरत होते आणि धपकन टाकणाऱ्याच्या हातावर टिचकी मारत होते. मग म्हटलं, आता तैलपेशी शोधा. पंधरा मिनिटं सगळे डोळा लावून बसले. हळूहळू माना वर यायला लागल्या. एकमेकांकडे पाहणं सुरू झालं. काल होती, आज कुठे गेली?

कोणी काल खरंच पाहिली होती, मी विचारलं. रागावणार नाही.

मग मागच्या बाकावरचा चांदूर रेल्वे गावचा एक मुलगा उठला. त्यानं कबूल केलं की त्यानं शेजाऱ्याचं पाहून काढली. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याचं पाहिलं होतं. तीन काढणारा कोण, असं विचारल्यावर तोच मुलगा खाली पाहत म्हणाला, "मीच, मॅडम. वाटलं, मार्क जास्त भेटतीन."

नाझिया हसली नाही. ती आपल्या जागेवर बॅग मांडीवर घेऊन बसली होती, निघायच्या तयारीनं. काहींना खरोखरच गोल दिसला होता. त्यांचं काय? हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरी टोपी, खिशाला दोन पेन, हातात तोच ॲडमिशन कॅन्सलचा फॉर्म. मी त्यांना आत बोलावलं. ते संकोचले, चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, भाईसाहेब, सहीचं नंतर पाहू, आधी माझं एक काम करा. मी एक स्लाइड मुद्दाम बिघडवली, कव्हरस्लिप धपकन टाकली, मायक्रोस्कोप लावला आणि त्यांना बसवलं. बाकी काहीही सांगितलं नाही. एवढंच विचारलं की यात एक काळ्या कडेचा गोल आहे, तो तेलाचा थेंब आहे का?

ते वाकले. दोन्ही डोळे उघडे. मुलीसारखेच. न विचारता हातानंच बारीक फोकसचा स्क्रू शोधला आणि अर्धा आटा फिरवला.

"तेल नाही, मॅडम," ते म्हणाले. "हवा आहे. तेलाची किनार एवढी काळी नाही राहत, थोडं पिवळं चमकतं. मी रोज घड्याळात सुईच्या टोकानं तेल सोडतो. मशीनमध्ये तेल समजून हवा सोडली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात उभं राहतं."

मग मी त्यांना सुई दिली आणि कव्हरस्लिप हळूच दाबायला सांगितली. मुलं टेबलाभोवती गोळा झाली, आळीपाळीनं डोळा लावू लागली. दाबलं की गोल सरकायचा. पेशी जागच्या जागी. बुडबुडा आणि पेशी यांतला फरक यापेक्षा सोपा सांगता येत नाही. पेशी कुठे जात नाही. मी नाझियाला हाक मारली. ती आली, पाहिलं, स्वतः सुई घेतली आणि तीन वेळा दाबून पाहिलं.

"हा तर मले काल पन दिसला होता," ती हळूच म्हणाली. "पहिल्या स्लाइडमध्ये. मी तेल शोधत होती, म्हणून सोडून देला."

प्रशांत तिच्या समोरच उभा होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की नाझियाचा कागद काल बरोबर होता, आणि तो आपण तीन वेळा चुकीचा म्हणून परत केला. एवढं बोलायला विभागप्रमुखाला काय पडतं ते मला ठाऊक आहे. मी स्वतः पस्तीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते. मग मी खाकी कव्हरची वही उघडली आणि पहिलं पान वर्गातून फिरवलं. सुवर्णपदकापाशी आल्यावर पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हशा पसरत गेला. चांदूरच्या मुलानं विचारलं, या मॅडम आता कुठे आहेत? मी म्हटलं, तुझ्यासमोर.

बापलेक खिडकीपाशी उर्दूत काहीतरी बोलले. फार वेळ नाही. मग तिच्या अब्बांनी तो फॉर्म चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला. कागद चांगला जाड आहे, म्हणाले, घड्याळाचे पार्ट बांधायला कामी येईल. नाझियानं मांडीवरची बॅग बाकाखाली सरकवली आणि नवीन पापुद्रा काढायला घेतला.

समारोप पाऊण तास उशिरा झाला. प्राचार्यांनी त्याचं कारण विचारलं, तर प्रशांतनं सांगितलं की प्रॅक्टिकल लांबलं. अठ्ठावन्न मुलांना आकृत्या पुन्हा काढाव्या लागल्या, आणि त्यांनी त्याचं सगळं खापर माझ्यावर फोडलं. फीडबॅक फॉर्ममध्ये 'काय आवडलं नाही' या रकान्यात चौघांनी माझं नाव लिहिलं. मॉडेल रेकॉर्ड मी अकोल्याला घेऊन आले. नातू म्हणतो, आजी, हिची फ्रेम कर. विचार चालू आहे.

सेमिस्टरच्या परीक्षेनंतर धनराजभाऊंचा फोन आला. मी विचारलं, आता पोरं स्वतः पाहून काढतात ना? ते म्हणाले, कायचं काय, मॅडम. वही गेली तर पोट्ट्यांनी नाझियाच्या रेकॉर्डचे फोटो काढले, ग्रुपवर टाकले आणि त्यावरून उतरवले. बरं, तिच्या पापुद्र्याला एका कोपऱ्यात घडी पडली होती. तिला दिसली, तिनं इमानदारीनं काढली. आता सगळ्या वर्गाच्या कांद्याला त्याच कोपऱ्यात घडी आहे.

नोकरीनं मला शिकवलं ते एवढंच. पोरं नक्कल करणारच. मूळ काढणाऱ्यानं जे दिसलं तेच काढावं, आणि खाली पदक लिहू नये.